डिझेलच्या झाकणावरची गाठ

नीळकंठ वझलवारांना कुणी सलाम केला, की ते आधी त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघत. ही सवय आपल्याला नोकरीने लावली, असं ते म्हणत. नोकरीच्या आधीपासून त्यांना ओळखणारे लोक यावर काही बोलत नसत.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात रस्त्याला खड्डा पडला किंवा नाली तुंबली, की कोणती गाडी जाणार, कोण चालवणार आणि किती डिझेल पिणार, हे ठरवणं त्यांचं काम. शहराच्या बांधकाम खात्यात ते वाहन शाखेचे प्रभारी होते. प्रभारी म्हणजे ज्याच्या ताब्यात सगळ्या गाड्या असतात आणि जो स्वतः स्कूटरने येतो. आवारात टिपर होते, पाण्याचे टँकर होते, एक जेसीबी होती आणि एक रोडरोलर होता. त्यातल्या रोडरोलरवर त्यांचा विश्वास होता. तो घेऊन कुणी पळालाच, तर चहा पिऊन निघालं तरी मागून गाठता आला असता.

बाकी सगळ्यांबद्दल शंका. गाडी वेळेआधी आली तर काम न करता आली; उशिरा आली तर दुसरीकडे जाऊन आली; अगदी वेळेवर आली तर ड्रायव्हरला घड्याळ सांभाळायची गरज काहून पडली, हा प्रश्न उरायचाच. स्टेपनीवर ते खडूची खूण करत, टाकीत काडी बुडवून डिझेलची उंची बघत. आणि झाकणावर दोरा बांधत.

या दोऱ्यावर त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा होता. खरं तर अशा ठिकाणी शिशाचं सील लावतात. नीळकंठरावांनी सील मागितलं होतं. स्टोअरने ते मागवलं होतं. पुढचं देवाला माहीत. म्हणून ते सुतळी बांधू लागले. गाठ मात्र वडिलांची. वडील छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, पार्सल ऑफिसात होते. ते गाठोड्याला अशी गाठ मारत की दोऱ्याचं एक शेपूट गाठीखालून फिरून डावीकडेच निघायचं. दुसऱ्याने सोडून पुन्हा बांधली, तर शेपूट हमखास उजवीकडे यायचं. छोटी लाइन गेली, पार्सल गेलं, वडीलही गेले. गाठ तेवढी खात्यात आली. पंपावर डिझेल भरायला नीळकंठराव स्वतः सोबत जात, दोरा आपल्या हाताने कापत आणि भरून झालं की नवा बांधत. बांधताना काडीवरचे आकडे विसरू नयेत म्हणून ते पुटपुटत राहत.

दिवाळीनंतर स्टोअरमधली सुतळी संपली. नवी सुतळी कधी येईल हे सीलवरून समजण्यासारखं होतं, म्हणून त्यांनी घरच्या देवघरातलं नाडाछडीचं रीळ उचलून आणलं. पूजेत मनगटाला बांधतात तो लालपिवळा धागा. तिकडे कलावा म्हणतात. धागा पक्का होता, लांबून दिसत होता आणि फुकट होता.

आणि त्याच आठवड्यापासून प्रेमलालचा टिपर धुतलेला येऊ लागला.

प्रेमलाल राहांगडाले खैरलांजीकडचा. रोजंदारीवर टिपर चालवत त्याची मिशी पांढरी झाली होती. आजवर त्याचा टिपर संध्याकाळी यायचा तो मुरुम, गिट्टी, डांबर, जे काही शहरात पडलं असेल ते अंगावर घेऊनच. आता तो चकचकीत यायला लागला. चाकं धुतलेली, काच पुसलेली. सीटखालून तंबाखूच्या खर्‍याच्या पुड्या गायब.

सरकारी टिपर कुणी का धुवावा? नीळकंठराव दोन दिवस विचार करत होते. धुतो तो काहीतरी पुसण्यासाठी. पुसण्यासारखं काय? रेती. वैनगंगा शहराला खेटून वाहते आणि घाटावरची रेती टिपरला चिकटली की सांगते कुठून आली. इकडे दोऱ्याचा पहारा कडक झाला आणि तिकडे धुणं सुरू झालं, हा काही योगायोग नव्हता. मधे एकदा बैहर रोडच्या उतारावर प्रेमलालचे ब्रेक लागले नव्हते आणि टिपर मुरुमाच्या ढिगात घुसून थांबला होता. माणसाला खरचटलंही नाही. तेव्हा नीळकंठरावांनी ब्रेक ऑइल विकलं गेलं का याची चौकशी केली होती. विकलं नव्हतं, पाइप फुटला होता. पण इतकं सुखरूप वाचणंही त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

नेमकं त्याच वेळी अपूर्वा मॅडमनी त्यांना बोलावलं. मॅडम खात्याच्या इंजिनीअर, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या.

"वझलवारजी, ड्रायव्हरची एक पक्की जागा निघाली आहे. सोमवारला नाव पाठवायचं. प्रेमलालचं पाठवते. तुमची काही हरकत?"

"एखाद-दोन दिवस थांबता येईल का मॅडम?"

"काहून?"

"गाडी धुऊन राह्यला तो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "धुऊन राह्यला म्हणजे?"

"म्हणजे पाण्याने."

"तो गुन्हा आहे का?"

"आपल्याकडे संशयास्पद आहे," नीळकंठराव म्हणाले.

मॅडमनी शनिवारपर्यंत मुदत दिली. त्यानंतर नाव गेलं नाही तर जागा दुसऱ्या शहराकडे जाणार होती, आणि प्रेमलालच्या वयाला पुढची जागा लागणार नव्हती. हे नीळकंठरावांना ठाऊक होतं. म्हणूनच ते जास्त खोलात शिरले. अन्याय व्हायचा तर तो तपास करून व्हावा, असं त्यांचं मत होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी टिपरच्या टाकीवरची गाठ पाहिली. शेपूट उजवीकडे होतं.

ते आनंदाने घामाघूम झाले. लगेच दोरा कापून काडी बुडवली, नवा दोरा बांधला. डिझेल जितकं हवं तितकंच होतं, एक बोटही कमी नाही. साध्या माणसाचं इथे समाधान झालं असतं. नीळकंठरावांचा संशय इथे पक्का झाला. झाकण उघडलं, गाठ बदलली आणि डिझेल मात्र बरोबर? म्हणजे काढलं, वापरलं आणि परत भरलं. मामला त्यांना वाटला त्याहून खोल होता.

दुपारी जेवताना मधुवंतीबाईंनी विचारलं, "अहो, देवघरातलं कलाव्याचं रीळ तुम्ही नेलं का?"

"ऑफिसच्या कामाला."

"ऑफिसात कोणती पूजा आहे?"

"पूजा नाही. चोर पकडतो आहे."

"देवाच्या दोऱ्याने?" बाईंनी भात वाढला. "मिळाला का?"

"आज मिळेल."

"मग रीळ परत आणा. सोमवारी सत्यनारायण आहे शेजारी." चोराबद्दल त्यांनी पुढे काही विचारलं नाही. लग्नापासून त्या ऐकत होत्या की चोर आज मिळेल.

संध्याकाळच्या आधी नीळकंठराव स्कूटरने घाटाकडे निघाले. बंद केलेली स्कूटर त्यांनी झाडामागे ठेवली आणि स्वतःही झाडामागे राहिले. दोन्ही गोष्टी रस्त्यावरून स्पष्ट दिसत होत्या.

टिपर पाण्याकडेला उभा होता, रिकामा. रेती नव्हती, फावडं नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं. प्रेमलालच्या चपला दूर एका दगडावर ठेवलेल्या. तो पँट दुमडून बादलीने चाकं धूत होता. मग त्याने हात स्वच्छ धुतले, टाकीपाशी आला, झाकणाच्या दोऱ्याला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

नीळकंठरावांना क्षणभर वाटलं, ही कसली तरी खूण असावी. पण बघायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"प्रेमलाल!"

तो दचकला. बादली लवंडली. "साहेब! तुम्ही इथं?"

"झाकण काहून उघडलं?"

"नाही उघडलं जी."

"सकाळी होती ती गाठ माझी नव्हती."

प्रेमलालची मान खाली गेली. इतक्या वर्षांत नीळकंठरावांनी अशी मान शेकडो वेळा मनात पाहिली होती. प्रत्यक्षात पहिल्यांदाच दिसत होती.

"चूक झाली साहेब," तो म्हणाला. "परवा धुताना माह्या हातानं तुमचा धागा तुटला. पाण्यात वाहून गेला जी. मले रातभर झोप नाही. बायकोले सांगतलं, मायले सांगतलं. माय म्हणे, साहेबानं बांधला धागा तुटला, तं गाडी तशीच कशी ठेवतं? ते म्हातारी बसनं रामपायलीले गेली, राममंदिरातून दुसरा आणला. मी आंघोळ करून बांधला. पण तुमच्यावानी गाठ नाही आली. मंतर तं मले येतच नाही."

"कोणता मंत्र?"

"जो तुम्ही म्हणता. बांधताना. तोंडातल्या तोंडात."

 तोंडातल्या तोंडात नीळकंठराव टाकीतले लिटर म्हणत असत.

प्रेमलाल आता मोकळा झाला होता. "आधी सुतळी बांधत होते तं आमाले वाटे, साहेबाले भरवसा नाही आमचा. पोट्टे शिव्या देत. मंग दिवाळीनंतर तुम्ही कलावा आणला. मी म्हटलं, पाहा बे, साहेब आपल्या गाड्यायले रक्षा बांधून राह्यले, अन् आपण का समजत होतो! त्याच हप्त्यात बैहर रोडवर ब्रेक गेले. मी मेलो असतो साहेब. ढिगात घुसली गाडी. उतरून पाहिलं, तं धागा जसाच्या तसा." त्याने डोळे पुसले. "त्या दिवसापासून खर्रा बंद. चप्पल घालून गाडीले हात नाही लावत. तुमचा धागा असलेली गाडी घाण कशी ठेवू, सांगा?"

"मला का नाही सांगितलं तुटला म्हणून?"

"तुमाले वाईट वाटलं असतं जी."

वाईट वाटणं ही गोष्ट नीळकंठरावांच्या खात्यात कुणी आजवर जमा केली नव्हती.  सवयीने त्यांनी एकदा या गोष्टीतली फट शोधली. म्हातारी खरंच रामपायलीला गेली होती का, हे बसच्या कंडक्टरला विचारता आलं असतं. पण मग कंडक्टरला कारण सांगावं लागलं असतं. आणि दोरा कशासाठी होता हे प्रेमलालला सांगावं लागलं असतं, ते त्याहून कठीण होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "धुवत जा."

शनिवारी ते मॅडमसमोर उभे राहिले.

"काय निघालं तपासात?"

"नाव पाठवा मॅडम."

"आणि गाडी धुण्याचं?"

"स्वच्छतेची आवड आहे त्याला."

"फक्त एवढंच?" मॅडम त्यांच्याकडे जरा रोखून बघत होत्या. आपल्याकडे असं कुणी बघितलं की कसं वाटतं, हे नीळकंठरावांना त्या खुर्चीसमोर कळलं. त्यांनी शिफारस लिहून दिली: वर्तन समाधानकारक. हा शब्द त्यांनी आधी कुणासाठी वापरला नसल्यामुळे तो लिहून झाल्यावर त्यांनी दोनदा वाचला.

सोमवारी नाव गेलं. रीळ मात्र परत गेलं नाही. प्रेमलालने आवारात गोष्ट सांगितली असणार, कारण संध्याकाळी टँकरवाले, जेसीबीवाला, सगळे आपापल्या गाडीशेजारी उभे. गाड्या धुतलेल्या. जेसीबीच्या बकेटमध्ये एक नारळ. चपला भिंतीपाशी ओळीने. रोडरोलरवाला रवीसुद्धा हात जोडून उभा होता. त्याच्या टाकीवर आजवर दोरा बांधलाच नव्हता.

"साहेब, आमालेही बांधा," रवी म्हणाला. "आमचं का पाप आहे?"

नीळकंठरावांनी प्रत्येक टाकीत काडी बुडवली, प्रत्येक झाकणावर धागा बांधला, आणि लिटर पुटपुटले. ते पुटपुटत असताना दोघातिघांनी डोळे मिटले. डिझेल सगळीकडे बरोबर होतं. असं या आवारात कधी झालं नव्हतं, आणि ते त्यांना फार खटकलं.

शेवटी प्रेमलालने उजवं मनगट पुढे केलं. "मलेही एक बांधा जी. आता नोकरी पक्की होऊन राह्यली तं."

त्यांनी बांधला. मनगट होतं, झाकण नव्हतं, तरी हात वडिलांच्याच गाठीकडे गेला. शेपूट खालून फिरलं आणि डावीकडे निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात प्रेमलालने सलाम ठोकला. नीळकंठरावांनी या वेळी त्याचा दुसरा हात पाहिला नाही. सलाम करणारं मनगट मात्र त्यांनी स्कूटर थांबवून नीट पाहिलं.

शेपूट डावीकडेच होतं. ते पुढे गेले.