मुलाखतीसाठी बंद केलेले माग

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या बोळात, माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, ओरडतात. भांडण वगैरे काही नसतं. घरोघरी खालच्या खोलीत माग धडधडत असतात आणि त्यांच्यावर आवाज चढवल्याशिवाय साधं "चहा टाकू का?" पण पलीकडे पोचत नाही. मी एम.कॉम. झाले ती या धडधडीतच. कॉलेजात मॅडम मला दर तासाला "हळू बोल" म्हणायच्या आणि मला वाटायचं, मी तर कुजबुजतेय.

त्या वर्षी आमच्या चार मागांपैकी दोन बंद पडले होते, त्यांच्यावर जुन्या चादरी पांघरलेल्या होत्या. आमचे टॉवेल ज्या परदेशी दुकानांत जायचे, त्यांना आता दुसऱ्याच कुठल्या देशातून स्वस्त मिळायला लागले होते. एकदा तर आईच बाजारातून बाहेरच्या देशाचा एक मऊ टॉवेल घेऊन आली. वडिलांनी तो उलटासुलटा केला, चोळला, उजेडात धरला आणि म्हणाले, "विणणारा चांगला हाय." मग दोन दिवस आईशी बोलले नाहीत.

माझ्या नोकरीचं गणित त्यांनी जेवताना एका वाक्यात मांडलं. "तुला लागली तर हे चालू दोन माग ऱ्हातील, न्हायतर त्यातला एक विकावा लागंल." आणि ताक मागितलं.

नोकरी परदेशी कंपनीची होती. टॉवेलच्या ऑर्डरी कुठल्या देशातून निघाल्या, कुठल्या बंदरावर अडकल्या, हे घरी बसून कॉम्प्युटरवर बघायचं. म्हणजे जे टॉवेल आमच्या मुळावर आले होते त्यांची खुशाली मीच विचारायची. जागा एक आणि अर्ज जगभरातून. याआधी मी बँकेच्या परीक्षा दिल्या तेव्हा शेजारच्या मुलीच सोबत असायच्या. कोण पाठ करते, कोण कॉपी करते, कुणाचा मामा कुठे चिकटलाय, मला सगळं ठाऊक असायचं. आता माझ्या स्पर्धेत फिलिपाइन्समधली कुणीतरी होती. तिच्याविषयी वाईट बोलायचं तरी सुरुवात कुठून करणार?

मुलाखत घेणार होता कॉम्प्युटर. पडद्यावर प्रश्न उमटणार, कोपऱ्यात घड्याळ उलटं धावणार, आपण कॅमेऱ्याकडे बघून इंग्रजीत बोलायचं. आदल्या दिवशी मी आवाजाची चाचणी घेतली तर लाल अक्षरं आली: मागे फार गोंगाट आहे, शांत जागी जा. आमच्या भागात शांत जागा एकच, स्मशानभूमी, आणि तिथे नेटवर्क नाही.

मी रडकुंडीला आले. वडील चप्पल घालून निघाले आणि बोळातल्या प्रत्येक दारात जाऊन सांगून आले, "पोरीचा इंटरव्यू हाय. उद्या अकरा ते साडेअकरा माग बंद ठेवा." पीसवर, म्हणजे नगामागे मजुरी घेऊन काम करणाऱ्याला अर्धा तास म्हणजे थोडा नव्हे. पण कुणीही नाही म्हणालं नाही. एकानं फक्त, "लागली की आमच्या पोराला पण बघा म्हणावं," असं सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकराला बोळ थांबला. जन्मात पहिल्यांदा मी आमच्या घरात पंख्याचा आवाज ऐकला. आईला कुकर लावायची बंदी होती. वडील बाहेर उंबऱ्यावर राखण करत बसले. कुणी काही विचारलंच तर तोंडावर बोट ठेवायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. मागच्या बोळाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आमच्याकडे भर दिवसा सगळे माग एकदम थांबले तर त्याची कारणं दोनच: लाईट गेली असेल किंवा कुणीतरी गेलं असेल. मागच्या बोळातल्यांनी आपापला पंखा बघितला. पंखा फिरत होता.

माझे तीन प्रश्न छान गेले. समोर कुणी नसताना मी दर वाक्याला "सर" म्हणत होते, तेवढं सोडलं तर. तेवढ्यात बाहेर चपला वाजायला लागल्या. माणसं घर शोधत आली आणि दाराशी वडील गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसलेले दिसले. कुणीतरी विचारलं, "कोण?" वडिलांनी तोंडावर बोट ठेवलं. दार लोटलेलं, आई कुठे दिसेना. झालं! मागच्या बोळातल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला आणि सूर काढला, "कालच भाजीवाल्याशी भांडत होती की गं अक्का! लई चांगली होती!"

आईला चांगली म्हटलेलं मी त्या बाईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

नेमका तेव्हाच पडद्यावर चौथा प्रश्न आला: कामात अचानक अडथळा आला तर तुम्ही काय करता? मी तोंड उघडलं आणि माझ्या पाठीमागून, कॅमेऱ्यासमोरून, साक्षात मयत हातात उलथनं घेऊन तरातरा दाराकडे गेली. "हळू रडा की! आत इंटरव्यू चालू हाय!"

मला हसू फुटलं. आवरावं म्हटलं तर जास्तच फुटलं. घड्याळ शून्यावर येईपर्यंत मी तोंडात ओढणी कोंबून हसत होते. पुढच्या तीन प्रश्नांची उत्तरं मी कशीबशी दिली. बाहेर आले तर वीसेक माणसं ओट्यावर बसलेली आणि आई त्यांना चहा देत होती. रडणारी बाई जरा नाराज दिसली.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं. तुमची निवड झालेली नाही. वडिलांनी मला ते मराठीत वाचायला लावलं, मग आत गेले आणि लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून बाहेर आले.

"चल."

"कुठं?"

"त्याच्याकडं. समोर बसून सांगतो, घरात लोक आलते म्हणून पोरगी चुकली. माणूसच हाय की त्यो, समजून घेईल."

त्यांना पहिलं काम असंच मिळालं होतं. मालकानं नाही म्हटल्यावर ते तीन सकाळी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले होते. तिसऱ्या दिवशी मालक वैतागून म्हणाला होता, ये, बस मागावर.

मी पत्र खालीवर करून बघितलं. सही नव्हती, नाव नव्हतं, गावही नव्हतं. अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी वाचून दाखवली: या संदेशाला उत्तर देऊ नये.

"उत्तर देऊ नका म्हणतोय?" वडील म्हणाले. "मग सात प्रश्न कशाला विचारले?"

मला हसता येईना. ते चप्पल घालून तसेच दारात उभे होते.

"नाव तरी सांग की, पोरी," ते म्हणाले. "जाऊ कुणाकडं?"