घंटेतलं कथील

पिंप्राळ्याच्या वाटेवर घंटा ओतणारे एक बाबा राहत. त्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी टिचकी मारून कान लावत. मी शाळामास्तर. माझ्या पितळी डब्याला टिचकी मारून ते एकदा म्हणाले होते, "याले सर्दी व्हयेल शे!"

वितळलेल्या तांब्यात कथील घातलं की बाबा त्या रसाची बोटाएवढी कांडी ओतून हातोडीने ठोकत. कांडी वाकली तर कथील कमी, आवाज बद्द येणार. बिस्किटासारखी तुटली तर कथील जास्त. घंटा गाईल, पण फुटेल.

लढाईमुळे बाजारात कथील मिळेना, त्याच वर्षी जामनेरकडच्या एका गावाने देवळासाठी घंटा सांगितली. ओतायच्या दिवशी गावची एक अक्का पुढे आली. घंटेला गोड आवाज यावा म्हणून तिने हातातलं चांदीचं कडं मुशीत टाकलं. एवढ्याशा चांदीने आवाजात काही फरक पडत नाही, हे मला बाबांनीच शिकवलेलं. तरी त्यांनी कड्याला हात जोडले. मग कांडी ठोकली, तर ती वाकली. बाबा आत गेले, फडक्यात जपून ठेवलेला कथलाचा शेवटचा तुकडा घेऊन आले आणि मुकाट्याने मुशीत सोडला.

घंटा निवल्यावर वाजवली, तेव्हा गाव हरखून गेलं. "अक्कानी चांदी बोलस!" असं जो तो म्हणू लागला. सगळ्यांत जास्त मान बाबांचीच डोलत होती.

मी कुजबुजलो, "बाबा, तुमच्या कथलाचं सांगा की!"

"मास्तर," ते हसून म्हणाले, "देवले कथील कोन वाहस?"