टेलरकाकांचं आपोआप वायफाय

टेलरकाकांच्या लेकीला परगावी नोकरी लागली आणि बापलेकीचं बोलणं तिच्या जेवणाच्या सुट्टीपुरतं उरलं. सुट्टी जेमतेम. त्यात दुकानातला संगणक इतका म्हातारा, की रोज सुरू केला की वायफायचा पासवर्ड नव्याने मागायचा. काका एका बोटाने अक्षरं शोधायचे, एखादं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लेकीचा चेहरा दिसतो न दिसतो तोच ती म्हणायची, "बाबा, निघते हं." काकांचा जीव तुटायचा.

शेवटी त्यांनी कंबर कसली आणि सेटिंग उघडलं. वायफायच्या दोन नावांसमोर 'आपोआप जोडा' अशी चौकट होती. काकांनी स्वतःच्या नावासमोर खूण केली आणि खालच्या नावासमोरही केली. एकच बटण लावून शर्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. खालचं नाव कुणाचं, हे वाचायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून संगणक सुरू केला की लेक समोर हजर! काकांना आभाळ ठेंगणं झालं. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता आधी हेच पुराण.

असे काही दिवस गेले आणि एका दुपारी काकू म्हणाल्या, "अहो, बोलताय कशावर? वायफायच्या डब्याचा दिवा तर बंद आहे."

इस्त्री असो नाहीतर वायफाय, काम झालं की प्लग उपटायचा ही काकांची सवय. आज ते तो परत लावायला विसरले होते. काकूंनी चष्मा लावून पडद्यावरचं नाव वाचलं. "अगं बाई, हे तर वरच्या फोटोवाल्याचं!"

फोटोवाला एकेकाळचा जिवलग. त्या दिवसांत त्यानेच आपलं वायफाय या संगणकात घालून दिलं होतं. पुढे, काकांनी शिवलेला कोट खांद्यात पडतो, असं तो चारचौघांत बोलला आणि तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता.

काका तोंड पाडून जिना चढले. "तुझं वायफाय चुकून वापरलं. आत्ता काढून टाकतो."

"ठाऊक आहे. तुझा संगणक दिसतो मला मोबाइलवर."

"मग पासवर्ड का नाही बदललास?"

"बदलायलाच बसलो होतो," फोटोवाला म्हणाला, "तेवढ्यात खालून पोरीचं हसणं ऐकू आलं. भांडण तुझ्याशी आहे, तिच्याशी नाही."

काकांनी दाराशी चपला काढल्या. "मग दारात काय उभा राहिलास? सरक की, आत येऊ दे."