मागची सीट

दोघांच्या सायकलीवर मागे बसणाऱ्याला ब्रेक नसतो. हँडल असतं, पण ते वळत नाही, नुसतं धरायला. पायडल असतात, पण तेही पुढच्याच्या पायडलना साखळीने जोडलेले. त्याचे पाय फिरले की आपले फिरणारच. आणि समोर रस्ता नसतो, पाठ असते.

तिच्या समोरची पाठ नवऱ्याची होती. रुंद, घामाचा नकाशा उमटलेली आणि अखंड बोलणारी. जन्मभर त्याने लोकांना मोटार चालवायला शिकवलं. शिकाऊ गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. चाक कुणाच्याही हातात असो, थांबवायचं याने. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सुचवली, तर हा दोन सीटची घेऊन आला.

"तुला पण व्यायाम," तो म्हणाला.

तिला व्यायामाची काय कमी? उभा जन्म पायमशीनवर शिवणकामात गेलेला. पण मशीनचं एक बरं होतं. नको वाटलं की चाकावर तळवा टेकवायचा आणि थांबायचं.

दरवर्षी पिकं निघाली की दोघं सरहद्दीलगतच्या आडरस्त्यांनी आठ-दहा दिवस फिरत. दोन्हीकडे मोकळी शेतं, मधे एखादं खेडं, वाहनं जवळपास नाहीतच. शेतं तिला फक्त कडेने दिसत. रस्त्यावरचे चहावाले आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका त्यांना लांबूनच ओळखत. "पुढचे आणि मागची आले गं," असं कुणीतरी आत ओरडून सांगे. मागची हे नाव तिलाही पटलं होतं. त्या पाठीमागे तिची अशी थोडी जागा होती. तिथे वेडावून दाखवता येई. रडताही येई, वाऱ्याने डोळे आपोआप कोरडे होत.

या वर्षी मात्र तिला एक हवं होतं. धाकटी बहीण सरहद्दीपलीकडच्या गावात दिलेली. सरहद्दीवरच्या फाटकापासून चालत गेलं तर भाकरी थंड होण्याच्या आत पोहोचावं, इतकं ते गाव जवळ. पण मेहुण्यांनी एकदा जेवताना हसत म्हटलं होतं, "तुम्ही एवढ्यांना गाडी शिकवलीत, मग रस्त्यावर सगळे असे कसे चालवतात?" त्या दिवसापासून नवऱ्याने पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, आणि तो नाही म्हणजे तीही नाही. आता बहीण घर मोडून लांब मुलाकडे चालली होती. याच आठवड्यात.

"या खेपेला जाऊ या ना पलीकडे," तिने निघण्याआधी विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

सायकलच्या पुढच्या पिशवीत सगळं असे. पाणी, नकाशा, दोघांचे फोन, पलीकडे जायचे पास. वाटेत ती पाठीच्या कडेने त्या पिशवीकडे बघत राहिली. माझा पास आहे तिथे, एवढं मनाशी म्हटलं की पायडल हलके वाटत.

फाटक टेकडीच्या माथ्यावर होतं. रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा, बाजूला एक खोपटं, त्यात पहारेकरी. पलीकडे उतारावर बहिणीचं हिरव्या पत्र्याचं घर स्पष्ट दिसत होतं. अलीकडे त्यांचा रस्ता डावीकडे वळून वळणं घेत दरीत उतरत होता. नवऱ्याने खोपट्याच्या नळावर बाटल्या भरून घेतल्या.

"अहो, घर दिसतंय तिचं."

"दिसतंय ना? मग झालं की. परतताना बघू."

परतीचा रस्ता दुसराच होता. ते तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही.

तो सीटवर बसला. "बसलीस?"

निघताना तो कायम एवढंच विचारी आणि ती कायम एकच उत्तर देई. ती सायकलच्या मागे उभी होती, एक हात रिकाम्या सीटवर.

"बसले," ती म्हणाली. आणि हाताने सीटला हलकेच पुढे रेटलं.

सायकल निघाली. पहिल्या वळणापर्यंत त्याचं बोलणं ऐकू येत होतं. ब्रेक कसा थोडा थोडा दाबावा, याबद्दल काहीतरी. मागचे पायडल आपले आपण फिरत होते. ती डोक्यावर हेल्मेट घेऊन रस्त्यात उभी.

पहारेकरी खोपट्यातून बाहेर आला. "काकू, तुम्ही राहिलात की."

"राहिले नाही. उतरले."

"मग पास दाखवा."

"तो खाली चाललाय," तिने बोट दाखवलं.

पहारेकऱ्याने खाली पाहिलं. शेतांमधून एक लांबलचक सायकल निम्मी रिकामी धावत होती. त्याने हसू दाबायला मिशीवरून हात फिरवला. "त्यांना कधी कळणार?"

"चढ लागला की."

पासशिवाय सोडणं त्याच्या हातात नव्हतं. पण ती हिरवं पत्र्याचं घर म्हणाली तेव्हा तो म्हणाला, "अंडीवाल्या मावशी? त्यांच्या बहीण तुम्ही?" आणि त्याने स्वतःच्या फोनवरून बोलावणं धाडलं. दांड्याशी उभं राहून बोलायला हरकत नाही, फक्त पाय पलीकडे टाकायचा नाही, असं बजावून तो खुर्ची बाहेर ठेवून आत गेला.

बहीण चढावरून धापा टाकत आली. खोकी बांधायच्या चिकटपट्टीचा तुकडा बाहीला तसाच.

"ताई, हे डोक्यावर काय घातलंयस?"

"काढायचं राहिलं."

"आणि भाऊजी?"

"दरीत. मी मागे बसलेय असं वाटतंय त्यांना."

बहीण आधी नुसती बघत राहिली, मग इतकी हसली की तिला दांडा धरावा लागला. बाहीवरची चिकटपट्टी काढून तिच्यानेच डोळे पुसल्यासारखं केलं. "राहशील ना आजची रात्र? सगळं बांधून झालं, पण एक पलंग ठेवलाय तसाच. हे म्हणाले, कोण येणारे? म्हटलं, असू दे."

"राहते. पास येतोय वर."

दोघी दांड्याच्या दोन बाजूंना टेकून उभ्या राहिल्या. बहिणीने आईचं जुनं पातेलं कुणाला दिलं ते सांगितलं. तिने बहिणीच्या ब्लाउजची उसवलेली शिवण बघून तोंड वाकडं केलं. "कुणी शिवला हा?" "तू लांब राहतेस, मग कुणीही शिवतं." बोलता बोलता दोघींचं लक्ष खालच्या रस्त्याकडे जात होतं.

अखेर तो दिसला. जड सायकल ढकलत, दर वळणाला थांबत, चेहरा टोमॅटोसारखा. वर पोहोचल्यावर त्याच्याने बोलवेना. पहारेकऱ्याने पाणी दिलं.

"तू बसले म्हणालीस," तो म्हणाला.

"म्हणाले. माझा पास द्या."

तो पिशवीच्या चेनशी खेळत राहिला. पण चेन उघडली नाही.

"द्या ना."

"पास नाही आणले," तो म्हणाला. "दोघांचेही. यंदा पलीकडे जायचं नव्हतंच, मग कशाला उगाच ओझं?"

म्हणजे घरातून निघतानाच ठरलं होतं. बघू म्हणाला तेव्हा बघायचं काही उरलंच नव्हतं. इतके दिवस ती त्या पिशवीकडे बघत पायडल मारत होती, आणि आत पाण्याच्या बाटल्या होत्या.

दांड्यावरून हात घालून बहिणीने ताईच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लावला, लहानपणी ताई तिची बटणं लावायची तसा. मग वळली आणि उतरून गेली. हिरव्या पत्र्याखाली दार लागेपर्यंत ताई बघत होती. नंतर सायकलपाशी आली. दुसरं जायचं तरी कुठे?

पुढच्या गावात नवऱ्याने दुकानातून एक गोल आरसा घेतला आणि हँडलवर बसवला. रस्ता बघायला, असं म्हणाला. पण तो त्याने असा वळवला की त्यात रस्ता नाही, ती दिसावी. आता पाठीमागे वेडावता येत नाही आणि रडताही येत नाही. मान वर केली की आरशात त्याचे डोळे असतात, जरा घाबरलेले.

तरी निघताना तो विचारतोच, "बसलीस?"

ती बसलेली असते, आणि त्याला ते दिसतही असतं. पण ती लगेच बोलत नाही. तो एक पाय जमिनीवर टेकून थांबतो. ती शेतांकडे बघते, हेल्मेटचा पट्टा चाचपते. ती बोलेपर्यंत सायकल जागची हलत नाही.

"बसले," शेवटी ती म्हणते, आणि तिचे पाय फिरायला लागतात.