आजोबांनी लॅपटॉप उघडला तेव्हा

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आमच्या ज्या लॅपटॉपवरून आम्ही तुम्हा दोघांना दिसतो, तो सुरू व्हायला किती वेळ घ्यायचा हे तुम्हाला कधी कळलंच नाही. तुमच्यासमोर यायच्या बऱ्याच आधी आम्ही त्याचं बटण दाबून ठेवलेलं असायचं. बटण दाबायचं, कुकर लावायचा, भाजी चिरायची आणि मग येऊन बघायचं. शेवटी तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, नवीन घे ना. मी ऑर्डर करतो."

आजोबा शेजारीच पेपर वाचत होते. "नवीन कशाला?" ते म्हणाले. "आतली डिस्क दमलीये. एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, टाकली की पळेल. मी टाकतो."

पलीकडून तुमच्या बाबाने विचारलं, "बाबा, तुम्ही टाकणार?"

गेल्या दिवाळीनंतर आजोबांचा उजवा हात कापायला लागला, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. त्या नावाला आजोबा घाबरले नाहीत. पण त्यांची सगळी नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात, बारीक मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात गेली. चहाचा कप बशीत वाजायला लागला त्या दिवसापासून त्यांनी आपल्या हत्यारांच्या पेटीला हात लावला नव्हता. आता ती पेटी त्यांनी माळ्यावरून मला काढायला लावली आणि म्हणाले, "हे जमलं तर ठीक. नाहीतर देऊन टाकू कुणाला तरी." अगदी सहज म्हणाले. मला ते सहज वाटलं नाही.

एसएसडी आली ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी. तुमच्या बारशापासूनचे सगळे फोटो, माझी सगळी पत्रं, मुलुंडच्या या घराचे कागद, सगळं एवढ्याशा पट्टीवर राहणार होतं आणि तरी जागा उरणार होती. मी ती तळहातावर घेऊन बघितली. वजन लागेना.

जेवणाच्या टेबलावर मी पांढरी चादर अंथरली, म्हणजे स्क्रू पडला तर दिसावा. शिवाय इडलीपात्रातली एक ताटली आणून ठेवली: वरच्या डाव्या कोपऱ्यातला स्क्रू वरच्या डाव्या खळग्यात, खालचा खालच्या. आजोबा म्हणाले, "कारखान्यात तू असतीस तर माझी अर्धी डोकेदुखी वाचली असती."

मी मोबाइलचा टॉर्च धरला. त्यांचा हात मांडीवर थरथरत होता. त्यांनी तो उचलला, स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक स्क्रूवर टेकवलं, आणि हात थांबला. कंप कमी झाला असं नाही, थांबला. पुढे डॉक्टरांनी समजावलं की या आजारात हात निवांत असताना कापतो आणि कामाला लागला की पुष्कळदा स्थिर होतो. पण त्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त बघत राहिले.

पट्टी बसली. जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवण्यात दुपार गेली. मग आजोबांनी बटण दाबलं. मी सवयीने स्वयंपाकघराकडे निघाले, तर दारापर्यंत पोचायच्या आत त्यांनी हाक मारली, "अगं, झाला चालू."

पुढचं तुम्ही पाहिलंत. रविवारी बोलता बोलता तुमच्या पडद्यावरची आजी हात वर केलेल्या अवस्थेत थिजली आणि तुम्ही हसत सुटलात. आमच्याकडे मात्र पडदा निळा झाला होता आणि त्यावर एक उदास चेहरा आला होता.

तुमच्या बाबाचा लगेच फोन आला. "बाबा, पट्टी नीट बसली नसेल. जोर कमी पडला असेल."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण आजोबांनी उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला. म्हणाले, "असेल."

त्यांनी पुन्हा उघडून पट्टी काढली, पुन्हा बसवली. पुन्हा निळा पडदा. मग नवी पट्टी बाजूला ठेवून जुन्या डिस्कवर चालवला, तर दिवसभर रखडत का होईना, पण चालला. "म्हणजे दोष पट्टीचा, नाहीतर बसवणाऱ्याचा," ते म्हणाले.

"दुकानात दाखवू या का?"

"दाखवू. आधी मला कळू दे. बंद कधी पडतो?"

"अहो, कधीही पडतो."

"कधीही काही पडत नसतं. प्रत्येक वेळी काय सारखं असतं ते सांग."

मी विचार केला. पट्टी पुन्हा बसवल्यावर मी रोज सकाळी तुम्हाला पत्र टाइप करत होते, तेव्हा एकदाही बंद पडला नाही. पडला तो व्हिडिओ चालू असताना, नाहीतर फोटोंची मोठी फोल्डर हलवताना. आणि हो, तेव्हा डावं मनगट टेकवत नव्हतं, इतकं तापायचं. मी हे म्हटलं मात्र, आजोबा उठले. नवी पट्टी परत आत बसवली, टेबलफॅन आणून लॅपटॉपसमोर लावला आणि मला फोटो हलवायला सांगितलं. या वेळी तो पुष्कळ जास्त वेळ तगला. मग पडलाच.

आजोबा खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा मी कितीतरी महिन्यांत तसा पाहिला नव्हता. "पट्टी नीट बसलीये," ते म्हणाले. "तिची उष्णता बाहेर जात नाहीये."

पुन्हा चादर, पुन्हा ताटली, पुन्हा टॉर्च. पट्टीवर एक मऊ, निळसर गादी चिकटवायची असते आणि तिच्यावर धातूची पातळ पत्री बसते. पट्टीची उष्णता गादीतून पत्रीत जाते. आजोबांनी पत्री उचलली आणि गादीवर नख फिरवलं. नखाबरोबर पारदर्शक प्लास्टिकचा एक पापुद्रा वर आला.

"हे काढायचं राहिलं?" मी विचारलं.

"राहिलं नाही. ठेवलं. खालचं काढलं, चिकटायला हवं म्हणून. वरचं म्हटलं असू दे, नवीन आहे, खराब होईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नवीन वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही, हा या घरचा कायदा आहे. तुझाच."

"तो कायदा रिमोटला आणि फ्रिजच्या हँडलला. लॅपटॉपच्या पोटाला नाही."

आम्ही दोघं इतके हसलो की माझ्या हातातला टॉर्च छतावर फिरला. तुम्ही इथे आलात तेव्हा आमच्या टीव्हीच्या कडेचं प्लास्टिक सोलायला गेला होतात आणि मी ओरडले होते, आठवतं ना? अशा घरातला माणूस दुसरं काय करणार होता?

पापुद्रा निघाला. लॅपटॉपचे स्क्रू परत लावून आम्ही त्यावर एका लग्नाची लांबलचक फिल्म लावली. मी विणकाम घेऊन समोर बसले. आजोबांना बसवेना. गॅलरीत जायचे, परत यायचे, मनगट टेकवून बघायचे. हळद झाली, मंगलाष्टका झाल्या, पंगती उठल्या, मुलगी सासरी गेली. फिल्म संपली. "दुसरी लाव," ते म्हणाले. तीही संपली.

तुमच्या बाबाला फोन करायला मी मोबाइल घेतला, तर आजोबा पुन्हा लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढायला बसले.

"अहो, चालतोय ना? आता कशाला उघडताय?"

"तू पाहिलंच नाहीस," ते म्हणाले. "एवढा वेळ टॉर्च धरलास, पण बघत होतीस माझ्या हाताकडे."

खरं होतं ते. मी मोबाइलचा टॉर्च लावला, चष्मा पुसला आणि वाकले. स्क्रूड्रायव्हरचं टोक ते एकेका भागावर नेत होते, कुठे टेकवत नव्हते, फक्त दाखवत होते. हा पंखा. ही तांब्याची नळी, उष्णता वाहून नेणारी. ही बॅटरी. हिरव्या पाटीवर केसाहून बारीक सोनेरी रेघा गेल्या होत्या, शेकड्यांनी, आणि एकही दुसरीला धडकत नव्हती. मधे ती काळी पट्टी. तिच्यावर तुम्ही दोघं होतात, आंघोळ घातलेले, टोपडी घातलेले, शाळेच्या गणवेशातले, आणि तिच्यावर काहीच दिसत नव्हतं.

"यातलं हलतं काय?" मी विचारलं.

"पंखा. बाकी काही नाही."

मी आणखी वाकले. आजोबांनी टॉर्च माझ्याकडून घेतला आणि डाव्या हातात धरला, मला नीट दिसावं म्हणून.