तपासणीपुरता साठा

परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधं देण्याचं काम करतो. म्हणजे असली तर देतो, नसली तर माणसांची समजूत काढतो. त्या वर्षी साप चावल्यावर द्यायच्या इंजेक्शनसाठी मी तीनदा मागणीपत्र पाठवलं. खरेदी वरून व्हायची, वरची निविदा अडकलेली, आणि वर म्हणजे नेमकं कुठं, हे जिल्ह्याच्या ऑफिसातही कुणाला धड सांगता येत नव्हतं. शेवटी मोबाईलवर निरोप आला तो असा: मोठी टीम तपासणीला येत आहे, एकाही केंद्रात साठा निरंक दिसता कामा नये. औषध असावं असा हुकूम मला इतक्या नोकरीत कधी आला नाही. दिसावं असा मात्र दर वेळी येतो, तोही 'तातडीचे' म्हणून.

मग आमची जुनीच युक्ती. आसपासच्या केंद्रांत मिळून दहा कुप्यांचा एकच डबा उरला होता. टीम जिथं जाणार, तिथं तो आदल्या संध्याकाळी जीपमधून पोचायचा. सोबत धड चालणारी एकमेव ॲम्ब्युलन्सही जायची. आमच्याकडे डबा आला तेव्हा आम्ही त्याची जावयासारखी सरबराई केली. फ्रिज पुसला, मधल्या कप्प्यात समोरच ठेवला, आणि मी साठ्याच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: शिल्लक दहा.

तपासणीच्या सकाळी एक बाई आली. सोयाबीन काढणीला रोजानं जाणारी. सासूच्या साखरेच्या गोळ्या न्यायला महिन्याला यायची आणि आल्या आल्या माझी फिरकी घ्यायची.

"काय भाऊ, आज तरी हाय का काई तुमच्या दुकानात?"

"आज सगळं हाय," मी म्हणालो. खरंच होतं, त्या दिवसापुरतं. महिनोन्‌महिने 'नाही' म्हणून माझी जीभ झिजली होती. मला फुशारकी मारायची हुक्की आली. मी तिला आत बोलावून फ्रिज उघडून दाखवला. "बघा, सापाचं इंजेक्शनसुद्धा हाय."

"बया! मंग आता साप चावला तरी भेव न्हाई," ती हसत म्हणाली आणि गोळ्या घेऊन गेली.

टीम आली, दहा कुप्या मोजल्या, चहा घेतला, गेली. संध्याकाळी डबा पुढच्या केंद्रावर गेला. ॲम्ब्युलन्सही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दारात मोटरसायकल थांबली. नवरा पुढे, नणंद मागे, आणि मध्ये ती. पेंढी उचलायला हात घातला आणि खालून घोणस डसली होती. हात कोपरापर्यंत टरारून सुजला होता, हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मला बघून तिला हायसं वाटल्याचं तोंडावर दिसलं.

"भाऊ, काढा बिगीनं तुमचं इंजेक्शन."

मी फ्रिजकडे गेलो. तो रिकामा आहे हे मला ठाऊक होतं. तरी उघडला. का उघडला, कोण जाणे.

पुढच्या केंद्रावरच्या, माझंच काम करणाऱ्या औषधवाल्याला फोन लावला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "टीम फ्रिजम्होरंच उबी हाय. अर्धा तास दम धर, मोजून झालं की पाठवतो."

मी ओरडायला हवं होतं. फोन त्या साहेबांच्या हातात दे म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं." त्या एका शब्दाची मला आजही किळस येते.

आमच्या डॉक्टर मॅडम थांबल्या नाहीत. सलाईन लावलं, गावातली एक खाजगी जीप मिळवली आणि तिला परभणीला पाठवलं. जीपमध्ये ठेवताना तिनं मला विचारलं, "संपलं का हो?" मी मान खाली घातली. परभणीच्या अलीकडेच ती गेली.

टीमचा अहवाल आला. औषधसाठ्याबद्दल आमचं कौतुक होतं. वहीत तो डबा आजही आमच्याकडेच आहे. बाहेर गेला असं लिहायचं, तर मुळात आला कुठून तेही लिहावं लागेल. म्हणजे कागदोपत्री त्या सकाळी औषध होतं आणि मी ते दिलं नाही. वरच्यांना जाब विचारावा असं रोज वाटतं. पण वहीतलं अक्षर माझं आहे. नोकरी सोडवत नाही, आणि झोपही लागत नाही.

तेरावं झालं, महिना भरला, तसा तिचा नवरा आला, आईच्या गोळ्या न्यायला. भांडेल, शिव्या देईल, याची मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो बाकावर बसून खाली बघत बोलला.

"आमी शेतातून नीट परभणीलाच निघालो होतो, साहेब. तिनंच गाडी उलटी फिरवायला लावली. म्हणली, भाऊकडं हाय, म्या कालच डोळ्यानं बघितलं."

मी कपाटाकडे वळलो. त्याच्या आईच्या गोळ्याही नव्हत्या; त्याही टीमबरोबर पुढे गेल्या होत्या.

"पुढच्या आठवड्यात येतील," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि गेला.