बॅटरीवरचं चंदन

अप्पांचा उजवा कान गेलाच होता. डावाही फार दिवस टिकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला: पापनाशम गावी नोकरीत असताना स्वतः जोडलेला रेडिओ एकदा ऐकायचा. कानाचं मशीन घ्या म्हटलं तर माझ्यावरच डाफरले.

आठवडाभर मी शाळेत शिकवून आले की आम्ही बापलेक ओसरीवर समोरासमोर बसायचो. मी बटण दाबायचे, अप्पा मल्टिमीटरचा आकडा वाचायचे. रेडिओ बंद असला की बोर्डावर नऊ व्होल्ट. चालू केला की दोन. पुन्हा बंद, पुन्हा नऊ. बॅटरीच्या तारा बोर्डापासून सोडवून मोजल्या तर केव्हाही नऊच.

"कामाला बोलावलं की पळतो बघ करंट, तुझ्या भावासारका," अप्पा म्हणाले.

आतच कुठंतरी वीज खाल्ली जातेय असं धरून मी दोन कपॅसिटर बदलले, एक ट्रान्झिस्टर बदलला. फरक शून्य. चिडचिड व्हायची. पण खोटं कशाला बोलू, लहानपणी त्यांना चिकटून बसून तारांना डाग द्यायच्या वेळचा धूर हुंगायचे, ते दिवस परत आल्यासारखे वाटत होते. ते संपू नयेत असंही वाटायचं.

शेवटी बॅटरीवरची तारांची टोपी काढली, तर आत पिवळट पापुद्रा. चंदन! दर आयुधपूजेला अप्पा पक्कड, पेचकस, मीटर सगळ्यांना गंध-कुंकू लावत. भक्तीच्या भरात बॅटरीची टोकंही सुटली नव्हती. वाळलेल्या गंधातून मीटरपुरती वीज झिरपत होती, कारण मीटरला लागते ती किती? रेडिओनं मागितली की अडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"अप्पा, बॅटरीला कशाला गंध लावलात?"

"रेडिओचा जीव तीच न्हवे? तिला नको कां?"

ब्लेडनं टोकं खरवडली, टोपी बसवली, बटण दाबलं. तमिळ बातम्या अशा दणदणीत सुरू झाल्या की शेजारच्या मामींनी धाडकन खिडकी लावून घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा मात्र मीटरकडंच बघत होते.

"साडेआठ. व्होल्ट सरी आहे की, बरोबर आहे. मग आवाज कां येईना?"

मी आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी स्पीकर डाव्या कानाला लावला आणि तसेच माझ्याकडं बघत राहिले, माझ्या तोंडाकडं. तेव्हा कुठं मला कळलं. आठवडाभर ते माझे ओठ वाचत होते, आणि मी मेली नुसती आकडे ऐकत होते.

मी रेडिओ बंद केला. त्यांना दिसेल असं, सावकाश म्हणाले, "अजून एक तार सुटलीय, अप्पा. उद्या बघू."

"बघू की," ते म्हणाले, आणि खुशीत मीटरच्या तारा गुंडाळू लागले.